हाळी न देता

आये, तुझी नात आता पोचल्यावर फोन करत नाही. एवढं ऐकूनच तू छातीला हात लावशील, म्हणून लगेच सांगते, ती बरी आहे. खाऊनपिऊन आहे, आठवीत आहे, आणि या वेळेला बहुतेक मधल्या सुट्टीत मैत्रिणींच्या घोळक्यात फिदीफिदी हसत असेल. बहुतेक म्हणते, कारण मला नक्की ठाऊक नाही. तेच तर सांगायला बसलेय. दिवाळीचं शिवण संपलंय, लगीनसराईला अजून अवकाश आहे, दुकानात गिऱ्हाईक नाही, आणि मशीनवरचा हात रिकामा राहिला की माझं डोकं कुठंकुठं भटकून येतं ते तुला वेगळं सांगायला नको, तुझ्याकडूनच आलंय ते. ब्लाऊजचं माप आखायचा खाकी कागद असतो ना, त्याच्यावरच लिहितेय. तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तर कुणाकडून तरी वाचून घेतलं असतंस, आणि वाचणारीचं तोंड बघूनच निम्मी घाबरली असतीस. आपल्या घरात कागद आला म्हणजे काहीतरी झालं, अशीच समजूत होती तुझी. त्यापेक्षा तू नसताना लिहिणं सोयीचं पडतंय. राग मानू नकोस.

आपल्या वाडीवरून पोलादपूरच्या रस्त्याला उतरायचं म्हणजे ती पायवाट, आणि पायवाट म्हटली की मला आधी तुझा आवाज ऐकू येतो. घरातून कुणी खाली निघालं की तू पडवीच्या कडेला येऊन उभी. माणूस पहिल्या वळणावर जांभळीखाली पोचला की तुझी हाळी, ‘बायो ऽऽ’. त्यानं तिथून ‘ओ ऽऽ’ दिलीच पाहिजे. मग दुसऱ्या वळणावर, काळ्या दगडापाशी, पुन्हा हाळी, पुन्हा ओ. त्याच्या खाली आवाज पोचत नाही, तरी तू थोडा वेळ तशीच उभी राहणार, मग आत येणार, मग तवा चुलीवर चढणार. ओ आल्याशिवाय तू तोंडात घास घालत नसायचीस. दादा खाली गेला, मी शाळेत गेले, बाबा गणपती करून मुंबईला परत निघाले, सगळ्यांना तोच नेम. हाळी तशी आपल्याकडे सगळेच देतात, डोंगरातली माणसं हाळीवरच एकमेकांशी बोलतात. पण ती कामाची असते. गुरं वळव, भात झाक, पाव्हणे आलेत. तुझी हाळी नुसतं माणूस आहे की नाही तेवढंच विचारणारी. वरच्या आळीतल्या काकी म्हणायच्या, ‘हिच्या घरातली कोंबडी परसात गेली तरी ही तिला ओ द्यायला लावील.’ तू पण हसायचीस. हसताना हात छातीवरच असायचा, ते मला तेव्हा दिसलं नव्हतं.

एक दिवस मात्र लख्ख दिसतोय. करवंदांचे दिवस आहेत, मी चौथी-पाचवीत असेन. काळ्या दगडाखालच्या जाळीत मी आणि काकींची पोरगी, दोघींची तोंडं काळीनिळी. वरून हाळी येते. मला ऐकू येते, पण तोंड गच्च भरलंय, आणि ती पोरगी माझ्याकडे बघून हसतेय म्हणून मलाही हसू आवरत नाहीय. पुन्हा हाळी. मग आणखी एक, वेगळ्याच आवाजातली. आणि मग तू अनवाणी, पदर सुटलेला, दगडांवरून धावत खाली येताना दिसतेस. आधी माझ्या पाठीत धपाटा. ‘उत्तर द्यायला तोंड नव्हतं काय गो तुला?’ मग मला कवटाळलंस ती अशी, की मला श्वास घेता येईना. आणि मग तुलाच श्वास घेता येईना. तू दगडावर बसलीस. बोटं वाकडी झाली होती, ओठ पांढरे पडले होते. ‘मुंग्या आल्या, मुंग्या आल्या,’ एवढंच म्हणत होतीस. काकींनी आणि दादानं तुला धरून वर आणलं. काकी म्हणाल्या, त्या जाळीत काहीतरी लागलं हिला. मग भगताकडे नेलं, नारळ झाला, कोंबडं झालं, उंबऱ्याला लिंबू झालं. आठवड्याभरानं तू कामाला लागलीस आणि सगळे म्हणाले, उतरलं. मी त्या जाळीकडे पुन्हा फिरकले नाही. काळ्या दगडावर पोचले की तू हाळी द्यायच्या आधीच मी ओरडायला लागले, ‘ओ ऽऽ, आये, ओ ऽऽ.’ पायवाटेची भीती मला कधीच नव्हती. साप, विंचू, रानडुकरं, कशाचीच नव्हती. ओ द्यायची राहिली तर, याची होती.

मग माझं लग्न झालं, मी महाडला आले, आणि आता तरी सुटका झाली म्हणेपर्यंत दादानं तुला मोबाईल घेऊन दिला. तुला नंबर लावता येईना, पण वाजणारा फोन उचलायचा नाही हे बरोबर शिकलीस. एक रिंग म्हणजे पोचले. दुकानात पोचले की एक रिंग, घरी आले की एक रिंग. माझ्या सासूबाई म्हणायच्या, ‘आईला सांगितल्याशिवाय ही पाणी तरी पिते की नाही?’ मी उसळून म्हणायचे, माया आहे ती, तुम्हाला काय कळणार. खरंच मला ती माया वाटायची. अजूनही वाटते. तू गेलीस तेव्हा ही पोर रांगत होती. तेराव्यानंतर तिला कडेवर घेऊन उतरत होते. जांभळीखाली पाय आपोआप थांबले. हे पुढून म्हणाले, ‘काय झालं?’ मी म्हटलं, चप्पल सुटली.

ही पोर पहिल्यापासूनच चिकट होती. बालवाडीत सोडायला गेले की माझी ओढणी सोडायची नाही, बाईंना तिची बोटं एकेक करून सोडवायला लागायची. होतं मुलांचं, म्हणून मी दारातच बसून राहायचे. पुढं तो पूर आला. बरं झालं तू नव्हतीस. पुराचा भोंगा वाजायला लागला तसं मी दुकानातलं कापड माळ्यावर टाकलं आणि पोरीला घेऊन शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर गेले. हे एमआयडीसीतल्या कंपनीत अडकलेले. फोन बंद, लाईट नाही, खाली सगळा बाजार पाण्यात. त्याच पावसात तळीये गावावर दरड आली, आणि तिकडं दादाला आमचं काही कळेना, आम्हाला त्याचं. पोर सारखी विचारत होती, ‘बाबा कुठं हायत?’ मी म्हणत होते, ‘येतील गो,’ आणि माझ्या तोंडाकडे बघून तिला जे कळायचं ते कळत होतं. हे चिखल तुडवत आले. दोन्ही मशीनं गाळानं भरली होती, ती खोलून, धुऊन, तेल घालून पुन्हा चालू केली. सगळं महाड तेच करत होतं. पोरगी पण शाळेत जायला लागली आणि मी म्हटलं, सुटलो.

त्यानंतर चांगली दोन-तीन वर्षं बरी गेली, आणि सहावी संपता संपता तिचं पोट दुखायला लागलं. सकाळी उठली की पोट. दप्तर भरलं की उलटी. शाळेत पोचली तरी तासाभरात ऑफिसातून फोन, ‘तुमच्या मुलीला बरं वाटत नाहीय, घेऊन जा.’ जंताचं औषध झालं, पित्ताचं झालं, रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, काही नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काही नाही म्हणजे? पोर समोर आडवी पडलीय, तोंड लिंबासारखं झालंय, आणि म्हणे काही नाही. मग दृष्ट काढली, वहिनीनं देवीचा अंगारा पाठवला, तो लावला. सातवीच्या पावसाळ्यात तर तिनं शाळाच सोडली. गणपतीपासून दिवाळीपर्यंत पोर घरात. मी दुकानात यायला निघाले की माझ्यामागं दुकानात. मशीन चालवताना माझा गुडघा तिच्या पाठीला लागतोय, एवढी जवळ बसायची. मुख्याध्यापक म्हणाले, अशानं वर्ष जाईल. मला वर्षाचं काही नव्हतं गो. मला दिसत होतं की हिचं सगळं आयुष्यच माझ्या मशीनखालच्या त्या चौकोनात बसून जाणार.

शेवटी मुलांच्या एका डॉक्टरांकडे नेलं, म्हातारे गृहस्थ. त्यांनी पोट दाबून बघितलं, रिपोर्ट चाळले आणि तिला विचारलं, ‘रविवारी दुखतं का गं?’ पोर माझ्याकडे बघायला लागली. रविवारी दुखत नव्हतं. इतके महिने माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण रविवारी मी घरी म्हणून मी खुशीत असायचे. ते म्हणाले, हिला मनाच्या डॉक्टरांना दाखवा, पनवेलच्या एक डॉक्टरीणबाई पंधरा दिवसांनी इथं येतात, फक्त मुलंच बघतात. मी तिथंच भडकले. म्हटलं, माझी पोर वेडी नाही, नाटकीही नाही. ते शांतपणे चिठ्ठी लिहीत म्हणाले, ‘मी दोन्ही म्हटलेलं नाही.’ घरी आल्यावर ती चिठ्ठी मी फ्रीजवर टाकली. ह्यांनी उचलली आणि नंबर लावला. तुझा जावई बोलत नाही फारसा, पण कधी कधी वेळेवर हलतो.

डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान निघाली, पायात स्लीपर, टेबलावर रंगीत खडू. आधी पोरीशी एकटीनं बोलली, मग आमच्याशी, मग सगळ्यांशी. घाई अजिबात नाही. झोप कशी, खाणं कसं, अभ्यास कसा, शाळेत कुणी मारतं का, चिडवतं का, अंगाला हात लावतं का, सगळं विचारलं. मग म्हणाली, ‘हिचं पोट खरंच दुखतं. भीतीनं दुखतं, पण दुखतं खरंच. हा चिंतेचा आजार आहे, पुष्कळ मुलांना होतो, आणि यावर चांगले उपचार आहेत.’ मी म्हटलं, कसली भीती, घरात मी जीव टाकते हिच्यावर. तर पोरच बोलली, भिंतीकडे बघत. ‘मी शाळेत असताना पाणी आलं आणि आई दुकानातच असली तर?’ आये, मला वाटत होतं ही स्वतःसाठी घाबरते. ही माझ्यासाठी घाबरत होती. वर्गात बसून, फळ्याकडे बघत, मला रोज बुडवत होती आणि मी जिवंत आहे की नाही बघायला रोज घरी येत होती. बाईंनी तिला समजावलं, धोका आला की अंगात काय काय होतं, काळीज का धडधडतं, पोट का ढवळतं, आणि काहींच्या अंगात हे धोका नसतानाही कसं सुरू होतं. पोर ऐकून म्हणाली, ‘म्हणजे नदीला पाणी नाय आणि भोंगा वाजतोय.’ बाई खूश झाल्या. म्हणाल्या, ‘हे मी इतर मुलांना सांगेन.’

मी म्हटलं, पुरामुळंच झालं ना हे? मला कारण हवं होतं. बाई म्हणाल्या, पुरानं भर पडली असेल, पण बालवाडीपासूनच स्वभाव तसा दिसतोय, एकच कारण नसतं बहुतेक. मग विचारलं, ‘ताई, घरात आणखी कुणाला असा त्रास होता?’ मी म्हटलं, ‘छे, आमच्याकडे सगळे धट्टेकट्टे.’ आणि हे म्हणताना माझा अंगठा फोनवर होता, आम्ही डॉक्टरकडे पोचलो हे दादाला एक रिंग देऊन कळवायला. बाईंनी ते बघितलं. पुढं विचारलं, ‘ती विचारते, आई, तुला काही होणार नाही ना? मग तुम्ही काय म्हणता?’

‘म्हणते, नाय होणार गो.’

‘किती वेळा?’

‘ती विचारेल तितक्या वेळा.’

‘मग ती विचारायची थांबते का?’

घरी चालत येताना बाजारात, भर गर्दीत, मला एकदम तुझी वाकडी झालेली बोटं दिसली, काळ्या दगडावरची. मुंग्या आल्या, मुंग्या आल्या. मी भाजीवालीसमोर उभी राहिले ती राहिलेच. तुला जाळीतलं काही लागलं नव्हतं, आये. तुला हेच होतं. सगळ्या जन्मात तुला कुणी एकदाही विचारलं नाही, की तुझं कशानं दुखतं. पुढच्या वेळी गेले तेव्हा मी बाईंना तुझ्याबद्दल सगळं सांगितलं, हाळीसकट. म्हटलं, लिहून घ्या, आजीला होतं. आणि बहुतेक मलाही आहे.

उपचार म्हणजे मला वाटलं होतं इंजेक्शन वगैरे असेल. तसं काही नव्हतं. पोरीनं ज्याची भीती वाटते तेच करायचं, पण थोडं थोडं, सोप्यापासून अवघडाकडे, आणि भीती आली तरी तिथून पळायचं नाही, ती आपोआप ओसरेपर्यंत थांबायचं. आता हे महाडच्या माणसांच्या गळी कसं उतरावं? आम्ही जन्मभर शिकलोय की भोंगा वाजला की सामान उचला आणि वर चला. मी पोरीच्या भीतीपुढंही तेच करत होते. भोंगा वाजला की तिला उचलून वर. शाळा बंद, क्लास बंद, मैत्रिणीकडे जाणं बंद. बाई म्हणाल्या, पाण्याला ते बरोबर आहे, भीतीला नाही. भीती किती वाटतेय ते मोजायला बाई तिला दहापैकी आकडा सांगायला लावायच्या. पोरीनं स्वतःचंच माप काढलं, पुराच्या पाण्याचं. नदीतच आहे, रस्त्यावर आलंय, दुकानाच्या पायरीला लागलंय, माळ्यापर्यंत आलंय. सुरुवातीला शाळेच्या फाटकाशी माळ्यापर्यंत. फाटकाशीच उभी राहायची, आत नाही, मी पलीकडच्या फुटपाथवर. रडायची, हात चोळायची, बाईंनी शिकवलेला लांब श्वास सोडायची. मग म्हणायची, ‘पायरीवर उतरलं.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मध्ये एकदा सगळंच फिसकटलं, पाऊस नसताना आभाळ भरून आलं तेवढ्यावरून आठवडाभर घरात बसली. तेव्हा बाईंनी गोळी पण चालू केली. मी सवय लागेल म्हणून कां कूं केलं. बाई म्हणाल्या, ही झोपेची गोळी नाही, मी तिच्यावर लक्ष ठेवणार आहे, फक्त तुमच्या मनानं बंद करू नका. केली नाही. हळूहळू पोर वर्गात एक तास बसायला लागली, मग मधल्या सुट्टीपर्यंत.

मग पाळी आली फोनची. ऑफिसातून मला रोज फोन करायची ना, ते बंद करायचं ठरलं. तिनं करायचा नाही, मी विचारायचं नाही. तिनं मान्य केलं आणि घोडं माझ्यापाशी अडलं. ती गेल्यावर माझा जीव नुसता वरखाली. कापड बेततेय आणि डोळे घड्याळाकडे. एका बाईचा ब्लाऊज मी उलट्या बाजूनं कापला. मग मी शक्कल काढली. शाळेसमोर चिंचा-बोरं विकायला बसणाऱ्या मावशी आपल्या पोलादपूरकडच्याच. त्यांना म्हटलं, पोर आत गेली की मला एक रिंग द्या. मावशी इतक्या मन लावून काम करायला लागल्या की काय सांगू. पोर फाटकातून आत जाईपर्यंत टोपलीमागून उठून उभ्या राहायच्या, मग मधल्या सुट्टीत, मग सुटताना. गिऱ्हाईक सोडून रिंग. मी खूश. पोर फोन करत नाही, मी विचारत नाही, डॉक्टरचं सगळं ऐकतोय आम्ही. पंधरा दिवसांत पोरीनं पकडलं. घरी आली, दप्तर टाकलं आणि कमरेवर हात ठेवून उभी. ‘आई, त्या मावशी मी दिसले की फोन का काढतात?’ मी म्हटलं, मला काय ठाऊक. ‘आई.’ मग सांगितलं. ओरडेल असं वाटलं होतं. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, ‘तू विचारतेस ना, तेव्हाच मला वाटतं काहीतरी होणार हाय. तू नाय विचारलंस तर मला आठवत पण नाय.’

आये, मला करवंदं आठवली. त्या दिवशी तुझी हाळी येईपर्यंत मी किती मजेत होते.

पुढच्या वेळी पोरीनंच बाईंना मावशींची गोष्ट सांगितली, पार अभिनय करून. बाई डोळे पुसत हसल्या आणि म्हणाल्या, ‘ताई, आता पायऱ्या दोघींच्या करू.’ म्हणून मग मलाही पायऱ्या मिळाल्या. ती शाळेत असताना फोन गल्ल्यात ठेवायचा. ती क्लासला गेली की दारात जाऊन उभं राहायचं नाही. उशीर झाला तर आधी बाही पुरी करायची, मग उठायचं. मला वाटलं होतं मी मरेन. मेले नाही. पाणी माळ्यापर्यंत यायचं, आणि मी बाही शिवत बसायचे, आणि बाही होईपर्यंत ते पायरीवर उतरलेलं असायचं. पोर रात्री विचारायची, ‘आज तुझं किती होतं?’ मी खरं सांगायचे. आठवीला ती पहिल्या दिवसापासून शाळेत गेली. अजून कधी कधी पोट दुखतं. जोराचा पाऊस लागला की गप्प होते, नखं खाते. बाईंकडे अजून जातो, महिन्या-दोन महिन्यांनी. बाईंनीच सांगितलंय, हे कधी डोकं वर काढेल, घाबरून जाऊ नका.

आता मूळ गोष्ट. भाऊबीजेला वाडीवर गेलो होतो, मी आणि ती. तिला दुसऱ्या दिवशी महाडला मैत्रिणीकडे जायचं होतं आणि मला अजून एक दिवस राहायचं होतं. ती म्हणाली, ‘मी जाते एकटी. खाली उतरून एसटीनं. स्टँडवरून घरी जाईन, बाबा हायतच.’ आणि मग माझ्याकडे बघून, ‘फोन नाय करणार. तू घरी आलीस की बोलू.’ दादाचं तोंड उतरलं. ‘एकटी? आगो, मी सोडतो रस्त्यापर्यंत.’ मी म्हटलं, नको, जाऊ दे. हे म्हणताना पाणी कुठपर्यंत होतं ते विचारू नकोस. सकाळी तिनं पिशवी खांद्याला लावली, वहिनीच्या पाया पडली, आणि निघाली. मी पडवीच्या कडेला उभी राहिले. तू उभी राहायचीस तिथंच, दुसरी जागाच नाही उभं राहायला. गवत पिवळं पडलंय, वाट वरून सगळी दिसते. ती जांभळीखाली आली. वहिनी माझ्यामागून म्हणाली, ‘हाळी दे ना गो.’ माझ्या घशात होती ती. ‘बा’ पर्यंत आली होती. मी पदराचा बोळा तोंडात धरला. मला वाटलं ही आता थांबेल, वळून बघेल, निदान हात करेल. ती थांबली नाही. काळ्या दगडाशी एकदा वाकली, मला वाटलं पडली, तर तिनं एक काठी उचलली आणि गवतावर सपासप मारत, काहीतरी गुणगुणत, वळणापलीकडे गेली. एकदाही मागं बघितलं नाही. मी इथं उभी आहे हेच ती विसरली होती. एवढ्यासाठीच वर्षभर सगळा खटाटोप केला मी, आणि तरी मला थोडं लागलं गो. ते बाईंना नाही सांगितलं, तुला सांगतेय.

दादा पडवीत बसून होता. म्हणाला, ‘आये असती तर आता रस्त्यापर्यंत धावली असती.’ मी म्हटलं, हो. आणि मला तुझा फार कळवळा आला. आमची वाट बघण्यात तुझ्या किती भाकऱ्या थंड झाल्या, किती वेळा तू उपाशी पोटी उभी राहिलीस, आणि आम्ही सगळे त्याला माया म्हणून मोकळे झालो. ती माया होतीच. पण तिच्याबरोबर जे दुसरं होतं ते कुणीतरी तुझ्या अंगावरून उतरवायला हवं होतं, आणि नारळानं ते उतरणारं नव्हतं. तुला त्या बाईंच्या समोर बसलेली बघायची फार इच्छा आहे मला. तू आधी म्हणाली असतीस, मला काय झालंय. मग हळूहळू सगळं सांगितलं असतंस.

पोर सुखरूप पोचली होती, ते मला दुसऱ्या दिवशी महाडला गेल्यावर कळलं. जाऊन बघते तर बापलेक भजी तळत होते. हा कागद काही कुठं पाठवायचा नाही. वाडीच्या पत्त्यावर टाकला तर दादा उघडायच्या आधीच घाबरेल. उद्या याच कागदाच्या मागच्या बाजूला कुणाच्या तरी ब्लाऊजची पाठ आखीन आणि कापून टाकीन.

एकच राहिलं. ती वळणापलीकडे गेल्यावर वहिनीनं नवीन नाचणीची भाकरी तव्यावरून काढली आणि विचारलं, ‘खातेस, की पोचल्याचं कळू दे?’ पोर तेव्हा रस्त्याला लागली होती की नाही, एसटी मिळाली की नाही, मला काही ठाऊक नव्हतं. मी ताट ओढलं. वर सुक्या जवळ्याची चटणी होती. मी खाल्ली, आणि आणखी एक मागून घेतली. मला भूक लागली होती, आये.